लोखंडी दारावरची थाप

मीरा, तुमच्या गावच्या जहाजांच्या संग्रहालयात त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले, ते अजून मनातून जात नाही. दोन चिलखती जहाजांच्या जुन्या लढाईचा स्मरणदिन होता. कागदी टोप्या घातलेली मुलं खोट्या तोफा उडवत होती. जहाजाच्या पोटातली एक लोखंडी खोली तिथे हुबेहूब उभारली होती. तुझा छोटा चिनू आत गेला आणि तू हसत दार लोटलंस. तो आतून ठोठावू लागला.

"आधी सॉरी म्हण, मग उघडते!" तू म्हणालीस.

"उघड! आत्ताच्या आत्ता उघड!" मी किंचाळले. सगळे वळून बघू लागले.

माझे थोरले भाऊ, आप्पा, आरमारात होते. जहाजात पाणी शिरलं की त्या भागाचं दार बाहेरून बंद करायचं, आत कुणी असलं तरी. नाहीतर सगळं जहाज बुडतं. एकदा ते दार आप्पांनी बंद केलं. आत दोघे होते. बाकीचे वाचले. आप्पांना शाबासकी मिळाली. ते मला एवढंच म्हणाले, "बराच वेळ ठोठावत होते गं."

पुढे घरातलं एकही दार त्यांनी कधी लावलं नाही. वहिनींनी न्हाणीघराला पडदा शिवला. जाड लोखंडाने तोफगोळा अडतो, असं संग्रहालयातला माणूस मुलांना सांगत होता. खरंच असेल. आवाज मात्र अडत नाही.

तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. आप्पा गेले तेव्हा नर्सने रिवाजाप्रमाणे खोलीचं दार ओढून घेतलं. मी परत जाऊन ते उघडून आले.