ओटी आणि कमरेचा पट्टा

मार्गशीर्षातला दुसरा शनिवार. तीन तिकिटांचे अकरा हजार चारशे रुपये. हजर: आई, बाबा आणि मी. अकोल्याहून गाडीने अमरावतीच्या विमानतळावर आलो आणि मुंबईच्या विमानात बसलो. संध्याकाळी तिथे भाचीचा साखरपुडा होता. पहिलं कुंकू आजीनेच लावायचं, असा भाचीचा हट्ट.

निघताना जठारपेठेतल्या घरी माझ्या बायकोने आईची ओटी भरली होती: तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. मुक्कामी पोचेपर्यंत ती खाली टेकवायची नाही, ही आमच्याकडची रीत. आईने पदराचं गाठोडं करून कमरेला खोचलं आणि विमानातला पट्टा त्याच्यावरून लावला.

हवाई सुंदरीने ते पाहिलं. पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे, मधे गाठोडं असलं तर झटक्यात माणूस सुटतो, असं तिने नीट समजावलं. ओटी पिशवीत घालून समोरच्या सीटखाली ठेवा म्हणाली.

“पायाखाली ओटी? मले उतरवून द्या.”

आई खरंच उठू लागली. पुढचं विमान दोन दिवसांनी. मी नियम सांगायला लागलो, ते तिने ऐकलंही नाही. बाबांचं लक्ष भलतीकडेच. पुढे वाटेच्या टोकाला त्या हवाई सुंदरीची स्वतःची घडीची सीट होती, तिला खांद्यावरूनही पट्टे.

“इले इतके पट्टे अन् आपल्याले एकच. तिकिटं त आपून काढली.”

मुलगी हसली. काही झालंच तर सगळ्यांना बाहेर काढायला मी धड राहिले पाहिजे, म्हणून मला जास्त बांधतात, असं म्हणाली.

आई थांबली. “अन् तुले कोन काढते?”

“मी शेवटी उतरते, आजी.”

आई खाली बसली. ओटी खणात बांधून तिने मुलीच्या हाती दिली, पण डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची, या अटीवर. तिथे माझ्या जोड्यांची पिशवी होती. ती पिशवी निमूटपणे माझ्या पायाशी आली. पट्टा मग कमरेवर चपखल बसला.

मुंबईत उतरताना आईने मुलीपुढे अकरा रुपये धरले. पैसे घेता येत नाहीत म्हणून तिने एक हळकुंड तेवढं मागून घेतलं. ते अकरा रुपये संध्याकाळी कुंकू लावल्यावर भाचीच्या हातावर पडले.