हॅवलॉकच्या रस्त्यावर मी ओ दिली नाही

मी या ग्रुपवर नुसता वाचणारा. वाचून हसणारा. सातवी शिकलोय, जन्मभर दिल्लीत सरकारी गाडी चालवली. स्मशानाच्या भिंतीला गाडी लावून आत झोपलोय, डासांशिवाय कुणी त्रास दिला नाही. भूतबीत म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं तोंडावर सांगायचो. आता हे मोबाईलवर एका बोटानं टाइप करतोय... सांभाळून घ्या.

आमची ही गेल्या वर्षी गेली. दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचो, म्हणून मुलगा-सून मला हिवाळ्यात अंदमानला घेऊन गेले. हॅवलॉक बेट. सून प्रीती दिल्लीचीच, पंजाबी पोर. तिला पळण्याचा नाद. कुठल्याशा शर्यतीची तयारी चाललेली, सुट्टीतही खंड नको. मुलगा आठपर्यंत लोळणारा. मग अनोळखी जागी पोरीसोबत कोण? मी – भाड्याच्या सायकलवर.

पळण्याजोगा रस्ताच सापडेना. पहिल्या दिवशी मोबाईलनं दाखवलेली वाट खाडीच्या चिखलात संपली, पुढे मगरीची पाटी. दुसऱ्या दिवशी बाजाराचा रस्ता धरला तर कुत्री मागे लागली. शेवटी एका बंगाली चहावाल्याला विचारलं. तो म्हणतो, "यहाँ कौन दौड़ता है दादा? जिसके पीछे मगर पड़े, वही." मग त्यानंच राधानगर बीचकडे जाणारा जंगलातला रस्ता सांगितला. सकाळी मोकळा असतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो धरला. तिकडे दिल्लीच्या बरंच आधी उजाडतं. डांबरी रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं, मधेच सुपारीच्या बागा, माणूस नाही.

"पापाजी, ये तो मस्त है यार," म्हणत प्रीती पुढे निघाली.

चढावर माझ्या सायकलची चेन पडली. ती वर वळणाशी पाय ताणत थांबली, मी खाली बसून चेन चढवत होतो. तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो... थांबा की जरा."

मराठीत. आणि आवाज हिचा. भाजी घेऊन येताना पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, तेव्हा ही असंच म्हणायची. राग नाही, नुसता दम लागलेला. माझे हात ग्रीसनं काळे... मान वळवायचा धीर होईना.

आमची आई सांगायची, माणूस दिसत नसताना मागून हाक आली तर लगेच ओ देऊ नये. ते दुसरं काही असलं तर दोनदाच हाक मारतं. आपलं माणूस तिसऱ्यांदा मारतं. त्यावरून मी आईची किती टिंगल केलेली. पण तिथं माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

"अहो..." दुसरी. जवळून.

मी सायकल रस्त्यात टाकली आणि पळालो. सत्तरीला आलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, चढाचा रस्ता. एक चप्पल मागेच राहिली. प्रीतीपाशी पोचलो तेव्हाच थांबलो.

"पापाजी, आप भागे क्यों? वो आंटी बुला रही थीं आपको."

"कौन आंटी?"

"दिखीं नहीं, आवाज़ आई. मम्मीजी बोलती थीं ना, अहो, अहो... वैसे ही. तीन बार बुलाया. मुझे लगा आपके महाराष्ट्र की कोई टूरिस्ट होंगी."

मी म्हटलं, "कोई नहीं था. मधुमक्खी पीछे लगी थी."

त्या पोरीनं मला दगडावर बसवलं आणि उलट पळत गेली. सायकल, चप्पल दोन्ही घेऊन आली. म्हणाली, खालपर्यंत रस्ता सरळ आहे, फाटा नाही, कुणीही नाही. मधमाशी पण नाही. मी तिच्यावरच खेकसलो, "अब चलो."

उरलेले दोन दिवस ती त्याच रस्त्यावर पळाली, एकटी. मी गुडघा दुखतो सांगून खोलीत पडून राहिलो.

भास म्हणावं तर दोघांना कसा झाला? टूरिस्ट म्हणावी तर गेली कुठं? मला कळत नाही, तुम्हाला कळलं तर लिहा. पण ते भूत होतं का, हे मला विचारायचंच नाही. वर्षभर उशीत तोंड घालून म्हणत होतो, एकदा आवाज ऐकू दे. आवाज आला आणि मी पळालो. स्वतःच्या बायकोला घाबरून. तिसरी हाक तर मी ऐकलीच नाही, ती सुनेनं ऐकली. मुलाला हे अजून सांगितलेलं नाही. काय तोंडानं सांगू?

चाळीस वर्षं दिल्लीत राहून हिला हिंदी धड आली नाही. रिक्षावाल्याशीसुद्धा मीच बोलायचो. तिकडे त्या बेटावर ती कुणाला काय विचारणार?