उरलेल्या पाच पोळ्या

"मॅडम, बाईस थालियाँ लग गई हैं, आप लोग कहाँ रह गए?"

यज्ञेश्वर पुराणिकांनी फोन कानापासून लांब धरला आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. फोन त्यांचा नव्हताच, सुनेचा होता. देविका तो घाईघाईत फडताळावर विसरून घरच्या सगळ्यांबरोबर महालक्ष्मीच्या देवळात दर्शनाला गेली होती. एरवी हा माणूस दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. पण दुपारची झोप लागता लागता तो चौथ्यांदा वाजला, तेव्हा नाइलाजाने उचलला.

"गलत जगह लगा है, भैया," ते म्हणाले.

"लक्ष्मी गेटवाले पुराणिक जी के यहाँ से नहीं? हर साल की बुकिंग है साहब, ओरछा गेट के भोजनालय में, महालक्ष्मी के दिन. पूड़ियाँ ठंडी हो रही हैं, जल्दी भेज दीजिए."

फोन बंद झाला. यज्ञेश्वरराव खाटेवर बसले ते बसलेच. आधी त्यांना वाटलं, हा फसवणुकीचा प्रकार असणार. हल्ली फोनवरून लोक काय वाट्टेल ते सांगून लुबाडतात. पण लुबाडणाऱ्याला आकडा कसा बरोबर ठाऊक? सणाला जमलेली घरची माणसं तेवीस. त्यातून ते स्वतः वगळले की बावीस. आणि या बावीस जणांना तासाभरापूर्वी त्यांनी आपल्या हाताने वाढून, पोटभर जेवू घालून उठवलं होतं!

पोटभर या शब्दावर त्यांचा फार जीव होता. लहानपणी, वडील भिक्षुकी करत असताना, एका महालक्ष्मीला आयत्या वेळी आठ पानं वाढली आणि सगळ्यांच्या मागून बसलेल्या आईच्या वाट्याला खरवडलेलं पातेलं आलं. आठ वर्षांच्या यज्ञेश्वरने ते दारातून पाहिलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच बसलं, की आपल्या घरात सणाचं जेवण झाल्यावर डब्यात चार पोळ्या शिल्लक दिसल्या पाहिजेत. शिल्लक आहे म्हणजे शेवटचं माणूससुद्धा तृप्त होऊन उठलं.

आता झाशीच्या नहर म्हणजे कालवे विभागातल्या कारकुनाच्या पगारात दोन डझन माणसांचं पुरणावरणाचं जेवण बसवायचं म्हणजे डोकं चालवावं लागतं, आणि डोकं त्यांचं चालायचं. हरभरा ते दुकानातून कधी घेत नसत. नोकरीतल्या ओळखीवर चैत्रातच टहरौली गावाला जाऊन शेतकऱ्याच्या खळ्यावरून आणत, आणि डाळ भरडून घेत. गूळ घ्यायचा तो पोत्याच्या तळाचा, फुटका. शिजल्यावर कोण ओळखतंय? सोळा भाज्यांसाठी बाजार उठायच्या वेळेला जायचं. तेव्हा भाजीवालीला घरी जायची घाई असते आणि पुराणिक बाबूंना कसलीच घाई नसते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी या सणाचा शिधा त्यांच्याखेरीज कोणी आणला नव्हता. यंदाचं सगळं जेवण त्यांनी साडेसतराशे रुपयांत बसवलं होतं आणि ही गोष्ट सकाळपासून तीन वेळा सांगून झाली होती.

घोडं अडलं होतं ते त्यांच्या हिशेबात, आणि तेच त्यांना कळलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी नव्वद पोळ्या झाल्या, त्यातल्या सहा उरल्या. उरल्या म्हणजे जास्त झाल्या, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी चौऱ्याऐंशीच करायला लावल्या. पोळ्या कमी दिसल्या तसे लोक आधीच पानावर हात आडवा धरू लागले. "बास काका, आता घास जाणार नाही!" मग पुन्हा पाच उरल्या. मग पुन्हा पाच कमी. आग्रह करायला तर ते एक नंबर. तुपाची वाटी घेऊन पंगतीत तीनदा फिरायचे. पण नको म्हटलं की तो नको त्यांना खराच वाटायचा! आपल्या माणसांत नको म्हणणं ही नुसती रीत असते, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणी समजावायचं? यंदा पोळ्या चाळीसवर आल्या होत्या, त्याही तळहाताएवढ्या. आणि तरी पाच उरल्या होत्या. झोपायच्या आधी डब्याचं झाकण उघडून त्यांनी त्या मोजल्या होत्या.

यज्ञेश्वररावांनी सदरा चढवला, पायांत चपला सरकवल्या आणि ओरछा गेटकडे निघाले. भादव्याचं ऊन मी म्हणत होतं. ई-रिक्षावाल्याने "बाबूजी, बैठिए" म्हणून दोनदा हाक मारली, पण सवयीने त्यांनी मान हलवली. वाटेभर ते स्वतःची समजूत घालत होते. दुसरे कोणी पुराणिक असतील. झाशीत आपली घरं आहेत तरी किती, पण असतील एखादे.

दुसरे पुराणिक नव्हते. भोजनालयाच्या दारातून त्यांनी आत पाहिलं. पाच टेबलं जोडून त्यांचं अख्खं कुटुंब बसलं होतं. थोरला अनुप होता, धाकटा सुबोध होता, दोन्ही सुना होत्या, ग्वाल्हेरची बहीण होती, नातवंडं होती. सकाळी सोवळ्यात नैवेद्य दाखवणारा अनुप कांद्याची फोड दाताने तोडत होता. महालक्ष्मीच्या दिवशी कांदा! आणि मधोमध, पदर खोचून, त्यांची बायको अनुसूया बसली होती. वाढपी पुऱ्यांची परात घेऊन जवळ आला तशी ती मोठ्याने म्हणाली, "भैया, इधर दो और. और वो आलू की सब्जी भी."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी काही पुन्हा मागितलेलं यज्ञेश्वररावांनी ऐकलं नव्हतं. ती अल्पाहारी आहे असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत आले होते.

पहिल्यांदा सुबोधने पाहिलं. त्याच्या घशात पुरी अडकली. मग एकेक करत सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"थाळी कितीची?" यज्ञेश्वररावांच्या तोंडून निघालं ते हे. काहीच सुचेना तेव्हा माणूस सवयीचंच बोलतो.

"एकशे साठ," अनुप खाली मान घालून म्हणाला. "बाबा, बावीस घेतल्या म्हणून वीस कमी करवून घेतले."

क्षणभर त्यांना पोराचं कौतुक वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या कौतुकाची लाज वाटली. एकशे चाळीस गुणिले बावीस. तीन हजार ऐंशी. भर उन्हात बाजार उठायची वाट पाहत त्यांनी जे वाचवलं होतं, त्याच्या कितीतरी पट पैसे घरचेच इथे मोजत होते.

"अनुसूये, हे कधीपासून?"

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली. तिने पदराने हात पुसले, पण नजर चुकवली नाही.

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? मी तुम्हाला उपाशी ठेवत होतो, आणि तुम्ही... अगं, मी विचारत होतो ना! पानापानाशी वाकून विचारत होतो!"

"विचारत होतात हो. पण तुमचा एक डोळा डब्यावर असायचा." अनुसूया म्हणाली. "जेवणं झाली की तुम्ही झाकण उघडता, पोळ्या मोजता, आणि मग तुमचा जो चेहरा होतो, तो वर्षातून त्या एकाच दिवशी होतो. सासूबाईंचं मला ठाऊक आहे. लग्न झालं त्याच वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं. मग मीच सगळ्यांना बजावलं, की काही झालं तरी डब्यात उरलं पाहिजे. मुलांना भूक निघेना, म्हणून इथे आणायला लागले."

आईसारखं कोणी उपाशी उठू नये म्हणून आयुष्यभर जी धडपड केली, तिच्यापायी यज्ञेश्वररावांनी आपलं सगळं घर उपाशी उठवलं होतं. आणि घराने ते हसत हसत, आठ वर्षं, त्यांच्या एका चेहऱ्यासाठी सोसलं होतं. रागवायचं कोणावर, हेच त्यांना समजेना.

नात ईशा मात्र नऊ वर्षांची, तिला या बोलण्याचा कंटाळा आला. "आजोबा, आप भी बैठो न," ती म्हणाली. "तुम्हाला पण भूक लागली असेल. तुम्ही एकच पोळी घेतली होती, मैंने देखा."

"नको गं, माझं पोट भर..." ते म्हणायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. पोट भरलेलं नव्हतं. सकाळपासून नव्हतं. नीट आठवून पाहिलं तर गेल्या कित्येक महालक्ष्म्यांना नव्हतं. वाढून वाढून दमलेला माणूस शेवटी बसतो, इतरांना कमी पडू नये म्हणून एका पोळीवर उठतो, आणि त्या रित्या पोटालाच समाधान म्हणतो. इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं.

सुबोधने खुर्ची ओढली. तेविसावी थाळी आली. यज्ञेश्वररावांनी पहिली पुरी खाली बघत संपवली, दुसरी जरा बेताने, आणि तिसरीनंतर कोणाकडे पाहायचं त्यांनी सोडून दिलं. पाचवी संपली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांना सवड नव्हती. वाढपी परात घेऊन पुढच्या टेबलाकडे वळत होता.

"भैया," बावीस माणसांच्या देखत यज्ञेश्वररावांनी त्याला हाक मारली, "दो और देना."