राहून गेलेला उपप्रश्न

बायकोला सातवा लागला तेव्हा शहरातल्या नंदनवन भागात आमच्या वस्तीजवळचं सरकारी प्रसूतिगृह बांधून, रंगवून, पाटी लावून तयार होतं. फक्त दाराला कुलूप होतं. तिला बाळंतपण तिथंच करायचं होतं. पहिल्या खेपेला मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, तिनं जे भोगलं ते तिला पुन्हा नको होतं.

आठवा सरत आला तेव्हा हिवाळी अधिवेशनात आमच्या आमदारांचा त्यावर प्रश्न लागला. मी वेळेचा पक्का कारकून; रजा टाकून, खटपट करून प्रेक्षक गॅलरीचे दोन पास मिळवले आणि विधानभवनाकडं जाताना बर्डीपर्यंत बसमध्ये तिला लोकशाही समजावून सांगितली. ती खिडकीबाहेर पाहत होती.

मंत्री उठले. "परिचारिकेची नेमणूक झालेली आहे." आमदार मान डोलावून खाली बसले. पुढचा प्रश्न पुकारला गेला. मी टाळ्यांसाठी हात उचलले, पण पहारेकऱ्यानं असे डोळे वटारले की त्याच हातांनी मफलर नीट केला.

बाहेर पायऱ्यांवर बायकोनं आमदारांना गाठलं.

"भाऊ, नेमणूक झाली. पण नर्स आली का, हे काहून नाही विचारलं?"

आमदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मफलरकडे.

"राहून गेलं, वहिनी. आता तो प्रश्न संपला."

"माह्ये दिवस तं भरत आले ना. दुसरी काही वाट असंल."

होती. उत्तर अपुरं वाटलं तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, असं आमदारांनीच सांगितलं.

"मग मागा. मी येतो ऐकाले," बायको म्हणाली.

चर्चा लागली त्या दिवशी सकाळीच कुलूप निघालं. फरशी धुतली जात होती आणि नर्सबाई ट्रंक घेऊन दारात उभ्या होत्या.

मी म्हटलं, "आता काहून जातं वं? काम झालं ना."

"चर्चा लागली म्हणून झालं. ते पुरी होऊ द्या जी."

सभागृहात शिरणाऱ्या आमदारांना तिनं पुन्हा अडवलं. "रात्री कोण राहील, तेही विचारा. लेकरं काय ऑफिसच्या टायमात येतात?"

मंत्री म्हणाले, परिचारिका हजर झाली आहे. या वेळी ते खरं होतं. पण या वेळी आमदार बसले नाहीत.

"रात्रपाळीला कोण?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. दुसरी परिचारिका देऊ, म्हणाले.

"कोणत्या तारखेपासून?"

बायको मागं टेकून बसली, ती तेव्हा.

दुसरी नर्स सांगितल्या तारखेला आली. आमची लेक तिथंच झाली; भर दुपारी, अगदी ऑफिसच्या वेळेत. तेवढं एक माझ्यावर गेलं.