गलाईवाल्या काकांचं गाव

कुंभकोणमच्या धुळीवर आमच्या शेजारच्या गलाईवाल्या काकांइतकं प्रेम आजवर कुणी केलेलं नाही. इथं लोक लांबून येतात आणि मान वर करून गोपुरं बघतात. काका पन्नास वर्षांपूर्वी सांगलीकडच्या दुष्काळी मुलखातून आले ते मान खाली घालून, आणि अजून त्यांनी ती वर केलेली नाही. सोनारांच्या दुकानातला केर ते विकत घेत. तो जाळायचा, चाळायचा, धुवायचा आणि मुशीत आटवून त्यातून सोन्याचा कण काढायचा, याला गलाई म्हणतात. असे कण वेचता वेचता त्यांनी चांदीच्या समया आणि कुंकवाचे करंडे घडवण्याचा कारखाना उभा केला. आता तो मुलं चालवतात, नातू दुकान बघतात आणि सगळं गाव काकांना 'सेट्टु' म्हणतं. त्याचा त्यांना भारी राग. "शेट म्हंजे मारवाडी. मी कुणब्याचा पोरगा हाय," असं ते मला सांगतात. गावाला सांगून उपयोग नसतो.

सोनं कुठं सांडलेलं असेल याचा नेम नाही, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. कारखान्यात नळाखाली हात धुवायची कुणाला परवानगी नाही. हात घमेल्यात धुवायचे आणि ते पाणी निवळत ठेवायचं. न्हावी कारखान्यातच येतो आणि कापलेले केस काका स्वतः गोळा करतात. "डोक्यात बी असतंय थोडं," ते म्हणाले, आणि मी हसलो याचंच त्यांना नवल वाटलं. माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताची वाजंत्री वाजत होती, सगळे अक्षता टाकत होते, आणि काका मांडवाच्या कोपऱ्यात केर काढणाऱ्या बाईंच्या मागे उभे राहून 'हळू, उडवू नका' असं तमिळमध्ये बजावत होते. विहीणबाईंच्या कुडीतला खडा त्याच केरात सापडला. तेव्हापासून माझी बायको केर टाकायच्या आधी त्यांच्या खिडकीकडे एकदा बघून घेते.

पाण्याचंही तेच. आडाच्या तळचा गाळ उपसून घागर भरण्यात लहानपण गेल्यामुळे ते पाहुण्याला अर्धाच पेला पाणी देतात. "लागलं तर मागा." दरवर्षी धरणातून सोडलेलं पाणी कावेरीला येतं त्या दिवशी ते भट्टी मुलांवर सोडून घाटावर जाऊन उभे राहतात. काय बघता, म्हणून मी एकदा विचारलं. "काय न्हाई. येवढं वाहून चाललंय," म्हणाले, आणि तासभर हलले नाहीत. चारी बाजूंना भातशेती असलेल्या या मुलखात ते पार्सलनं ज्वारी मागवून भाकरी खातात, आणि कॉफीच्या या गावात चहा पितात, तोही गुळाचा.

आमची ओळख वाढली ती भाषेमुळे. माझं घराणं तंजावरच्या मराठे राजांच्या चाकरीला आलं ते इथंच राहिलं. आम्ही घरात जे मराठी बोलतो ते ऐकून महाराष्ट्रातली माणसं गोंधळतात. माझी बायको त्यांना पहिल्यांदा म्हणाली, "या काका, बसा. काफी बेष झाली अहे, घेऊनच जावें." काका म्हणाले, "वहिनी, माझ्या पणजीच्या पणजीला भेटल्यागत वाटलं." पण दुसऱ्या दिवशी ते परत आले, आणि मग रोज येऊ लागले. त्यांच्या मुलांना मराठी कळतं, बोलता येत नाही. नातवंडं त्यांना 'ताता' म्हणतात आणि तमिळमध्ये लाड करून घेतात. घरात मराठी बोलणाऱ्या एक काकूच होत्या, त्या आठ वर्षांपूर्वी गेल्या. काकांकडे गावाकडून आठवड्याची मराठी वर्तमानपत्रं एकदम येतात. ती वाचून झाली की माझ्याकडे. मी आज हे जे लिहितोय ते मराठी त्या शिळ्या वर्तमानपत्रांवर शिकलो.

घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लांपाशी म्हणतात. काकांचं उलटं होतं, पिल्लं इथं आणि चित्त गावी. दर दसऱ्याला ते जाहीर करायचे, "ही दिवाळी झाली की गाव. मग न्हाई यायचं, राव." गावी त्यांनी नऊ खोल्यांचा बंगला बांधून कुलूप लावून ठेवला होता. त्याचा फोटो दुकानात देवांच्या रांगेत होता. समई घ्यायला आलेल्या बाईला आधी तो फोटो बघावा लागे. मी आणि बायको गालात हसायचो. मुलंही हसायची. आम्ही सगळे हसलो याचं मला आता वाईट वाटतं.

कारण गेल्या वर्षी ते खरंच गेले. भट्टीला नमस्कार केला, मुलांना बोलावून सांगायचं ते सांगितलं आणि निघाले. स्टेशनवर मी आणि बायको होतो. "वहिनी, चुकलंमाकलं पोटात घाला," एवढंच म्हणाले. एकविसाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर काका कारखान्याच्या पायरीवर बसून चाळणी हलवत होते. कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभरानं एका दुपारी ते आमच्या ओट्यावर बसले असताना आपणहून बोलले. त्यांच्या गल्लीत अकरा बंगले आहेत, सगळे त्यांच्याहून मोठे आणि सगळे बंद. मालक कुणी पंजाबात, कुणी केरळात, कुणी आसामात, सगळे गलाईत. जत्रेला चार दिवस येतात, कुलपं काढतात, जेवणावळी घालतात आणि जातात. "राखणदार एक हाय, बिहारचा. त्याच्याशी हिंदीत बोलायचं. सतरा दिवस हिंदी बोललो, राव. किराणावाल्याकडं गेलो तर तो पोराला म्हणतोय, मद्रासी शेट आलेत, खुर्ची दे." ते हसले.

मग त्यांनी विचारलं, "तुमची माणसं गेल्यावर हितं कुठं नेत्यात?"

कावेरीकाठी, मी म्हणालो.

"आमच्यातला चालतोय का तिथं?"

मी काही म्हणायच्या आत आतून बायको म्हणाली, "चालतें काका. आमचे आजे-पणजे अस्के तेथेंच गेले."

"मग एकदा बघून येऊ."

त्याच दिवशी काका आणि मी स्मशानघाटावर गेलो. नदीला पाणी कमी होतं. काकांनी सगळीकडे फिरून पाहिलं, कारखान्यासाठी जागा बघावी तसं. सावली कुठून येते, पायऱ्या किती, हेही विचारून घेतलं. तिथला माणूस, कुणाचं तरी करायला आले असतील असं समजून, वही घेऊन आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "कोणतं गाव?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तमिळमध्येच त्याला म्हणाले, "हेच."

परत येताना त्यांनी माझा हात धरला होता. ऊन फार आहे, असं म्हणाले.