लाल पेन्सिलची फुली

वैजूचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नक्की?" तिला ते लागलं, पुढे तिने बोलूनही दाखवलं. पण आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या प्रश्नाबद्दल माझी पाठ थोपटली असती. डॉक्टर म्हणतात म्हणून कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, ही शिकवण त्यांचीच. आता महिना उलटून गेला, तरी दवाखान्याने दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर कुणी नीट तपासून सही केली असेल ना, असा विचार अधूनमधून मनात येऊन जातो...

इंदूताई हे त्यांचं नाव. त्यांची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत अन्नातली भेसळ शोधण्यात गेली. हळदीतला रंग, तिखटातली विटेची भुकटी, चहात वाळवून मिसळलेली वापरलेली पत्ती, हे सगळं त्यांनी इतकी वर्षं पाहिलं की समोर आलेली वस्तू तीच आहे, यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. त्या निवृत्त झाल्या, संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाला, सोनार, तारनाक्यातल्या त्यांच्या घराला रंग देणारा, सगळे त्यांच्या लेखी नमुनेच. त्यात मी नांदेडहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला. शहरातल्या अमीरपेट भागात तेव्हा घराघरावर कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या आणि रातोरात उतरतही होत्या. मुलगा बघायच्या आधी त्या माझी कंपनी बघून आल्या. पत्ता विचारायच्या निमित्ताने आत शिरल्या, पाणी मागितलं, सगळं न्याहाळलं आणि घरी येऊन वैजूला म्हणाल्या, "माणसं तर आहेत आत. पण काय करायलेत, काय की!" लग्नाला मंजुरी मिळाली. विश्वास मात्र राखून ठेवला गेला. त्यांच्या दम्यामुळे आम्ही त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा तर माझा डोळा घरावर आहे की काय, हेही त्यांनी बहुतेक तपासायला घेतलं असावं. मी जिना चढताना त्यांची नजर माझ्या पाठीवर असायची.

त्या काळात शहरात जिकडेतिकडे फ्लायओव्हरसाठी खोदकाम चाललं होतं. रिक्षातून डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत त्यांना धाप लागायची. शेवटी त्यांनी स्वतःच्या पैशाने एसीवाली गाडी घेतली, नव्याने बाजारात आलेल्या परदेशी गाड्यांपैकी एक. आत येणारी हवा गाळायला त्यात एक फिल्टर होता, पुढच्या सीटसमोरच्या खणाच्या मागे. इंजिनासाठी दुसरा, बॉनेटखाली. आईंनी दोन्हीची माहिती पुस्तिकेतून वाचून काढली, आणि पहिल्याच सर्व्हिसिंगच्या आधी दोन्ही फिल्टरच्या कडेवर प्रयोगशाळेतल्या लाल मेणाच्या पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवली. काचेच्या बाटल्यांवर खुणा करायची ती पेन्सिल. गॅरेजवाला गाडी परत देताना म्हणाला, दोन्ही फिल्टर बदललेत. आईंनी वैजूला बॉनेट उघडायला लावलं, क्लिपा काढायला लावल्या आणि जुनाच फिल्टर बाहेर काढला. नुसता झटकून परत बसवलेला. आतल्याचीही तीच कथा. गॅरेजवाला फुलीकडे बघतच राहिला. "दूध तपासायच्या आधी आम्ही असंच करत होतो," एवढंच त्या बोलल्या. वर दिलेले पैसे परत घेतलेच.

त्यानंतर फिल्टर निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला घेऊन त्या अफझलगंजच्या बाजारात गेल्या. पार्ट्सच्या दुकानदाराने काउंटरवर खोक्यांची चवड लावली, प्रत्येकावर चकचकीत होलोग्राम. पूर्वी बाजारात एकच माल मिळायचा, वाईट असायचा, पण तोच असायचा. आता सगळं मिळतं आणि ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, ही आईंची उदारीकरणावरची टीका मी तिथेच पहिल्यांदा ऐकली. इंजिनाचा फिल्टर त्यांनी उन्हाकडे धरला, घड्या सारख्या अंतरावर आहेत का बघितलं, रबरी कड दाबली. कड कडक असली की पेटीत नीट बसत नाही, मग धूळ कागदातून न जाता बाजूने घुसते, आणि अशी धूळ कुणालाच सापडत नाही, असं त्या मला समजावत होत्या. मग दुकानदाराने मोठ्या रुबाबात एसीचा काळा फिल्टर काढला. यात कोळसा आहे, धूरसुद्धा शोषतो म्हणाला. आईंनी पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीने ओला केला आणि फिल्टरवर घासला. रुमाल काळा झाला.

"नुसता रंग आहे."

"अम्मा, कायकू इत्ता शक करते? ओरिजिनलइच है!"

"ओरिजिनल रंग है," आई म्हणाल्या. "अंदरवाला दिखाओ, जो अपनी गाडी में डालते."

दुकानदार हसला, आतल्या खोलीत गेला आणि वेगळंच खोकं घेऊन आला. तो फिल्टर घासल्यावर रुमाल जवळपास तसाच राहिला. परतताना त्या मला म्हणाल्या, "इंजिनाचा गॅरेजवाला बसवेल. हवेचा तुम्हीच बसवत जा, श्रीकांतराव. मला त्यातूनच श्वास घ्यायचाय." मला वाटलं, जिंकलो! दमा असलेल्या बाईने आपली हवा माझ्या हाती दिली, याहून जास्त काय हवं? मी तो खण खोलायला शिकलो, हवेच्या बाणाची दिशा बघून बसवायला शिकलो, ऐटीत बसवला. पुढच्या वेळी तो बदलायला काढला, तर त्याच्या कडेवर लाल फुली.

मला फार वाईट वाटलं, रागही आला. "आई, माझ्यावरसुद्धा?" असं मी सरळ विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तपासणी सगळ्यांची सारखी. जावयाला सूट दिली तर ती तपासणी कसली?" त्या रात्री मी वैजूशी भांडलो, आपण दुसरीकडे राहायला जाऊ म्हणालो. ती म्हणाली, "ती माझ्या शाळेच्या गुणपत्रिकेवरची सहीसुद्धा खरी आहे का बघायची. तू कोण मोठा लागून गेलास?" पुढे सवय झाली. जुना फिल्टर काढायचा, आईंना फुली दाखवायची, मग कचऱ्यात टाकायचा, असा नियमच पडला. त्या मान हलवायच्या, पुढच्या सीटवर बसायच्या, काच वर करायच्या, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला." दुसरी कुठली शाबासकी मला कधी मिळाली नाही. खरं सांगतो, मी तिची वाट बघायचो. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे असेल... पण या बाईने एकदा तरी मला न तपासता खरं मानावं, ही इच्छा माझ्या मनातून कधी गेली नाही.

गेल्या दिवाळीत दोन्ही फिल्टर नवे बसवले, इंजिनाचा गॅरेजमध्ये, आतला मी. आई तेव्हा ठणठणीत होत्या. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यातच खेळ आटोपला. परवा रविवारी आतला फिल्टर बदलायला घेतला. खण खोलला, फिल्टर ओढला, सवयीने कड बघितली. फुली नव्हती. धुळीखाली झाकली असेल म्हणून पुसून बघितलं. टॉर्च लावून चारही कडा बघितल्या. कोरा! वैजू दारात उभी होती. "विसरली असेल रे. वय झालं होतं."

असेलही. पण मीही आता इतक्या वर्षांचा त्यांचाच विद्यार्थी, असं सोपं उत्तर मला पचेना. मी बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या, इंजिनाचा फिल्टर वर उचलला. तोही दिवाळीतलाच, गॅरेजवाल्याने बसवलेला. त्याच्या कडेवर लाल फुली होती. ठळक, नीट, न थरथरता मारलेली.

मी तिथेच, बॉनेटला धरून रडलो. वैजूने तो कोरा फिल्टर उचलून बघितला आणि माझ्या हातात दिला. कधी ठरवलं असेल आईंनी? एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मला सांगितलं असतं, तर कदाचित मी सैल पडेन, असा संशय त्यांना नक्की आला असणार.

पुढच्या आठवड्यात गाडी गॅरेजला जाईल. इंजिनाचा फिल्टर मी फुलीसकट परत बसवलाय, बघू बदलतात का. आतला नवा बसवला, त्याच्यावर काही खूण केली नाही. राहिला हा जुना. तो आधी आईंना दाखवायचा आणि मगच टाकायचा, असा नियम आहे. त्या रविवारपासून तो त्यांच्या खुर्चीवर ठेवलाय.