दहा सेकंदांचा प्रश्न

आज लेकीकडे आम्ही दोघं टीव्हीवरचा नवा क्विझ गेम खेळलो. अजून माझं डोकं शांत झालेलं नाही.

प्रश्न इंग्रजीत, वेळ दहा सेकंद. आमचे हे मराठी शाळेत शिकलेले. मी प्रश्न मराठीत सांगेपर्यंत वेळ संपायची आणि गेममधला माणूस खदाखदा हसायचा.

"बाबा, परत शून्य," लेक म्हणाली आणि तीही हसली. यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या सीडीतल्या खेळात प्रश्न थांबायचा. मी कॉन्व्हेंटवाली, वाचून मराठीत सांगायची. हे चहा पीत उत्तर द्यायचे, लेक बटण दाबायची. "माझ्या बाबांना सगळं येतं," असं मैत्रिणींना सांगत फिरायची.

घरी येताना गंगापूर रोडवर रिक्षात यांनी सगळी उत्तरं सांगितली. एकही चुकलं नाही.

तुमच्या घरी म्हाताऱ्या माणसांसाठी कुणी थांबतं का हो?